डावा खांदा

मास्तरांनी शिवलेला शेवटचा कोट माझ्या अंगात जात नव्हता, आणि माझं वजन वाढलं हे त्याचं कारण नव्हतं. आधीच सांगून ठेवते, कारण माझ्या धाकट्या बहिणीने पहिला तर्क तोच काढला होता. कोट अगदी मापात होता. अडत होतं ते माझ्या डाव्या हातामुळे. मास्तर गेले त्या हिवाळ्यात माझा डावा खांदा आखडला. डॉक्टर म्हणाले, फ्रोझन शोल्डर आहे, व्यायाम करा, हळूहळू सुटेल. वर्षभर व्यायाम केले, गोळ्या घेतल्या, दुखणं गेलं, पण हात खांद्याच्या वर जायचं नाव घेईना. आणि कोट घालायचा म्हणजे हात मागे न्यावा लागतो, थोडा उचलावा लागतो, मग बाहीत सोडावा लागतो. सगळं जग हे गप्पा मारत मारत करतं. मी रोज आरशासमोर उभी राहून करून पाहायचे आणि बाही कोपराशी अडकायची.

मास्तर म्हणजे माझा नवरा. सगळा बाजार त्यांना मास्तर म्हणायचा. मी आपली ‘अहो’ म्हणायचे. ते गेल्यावर मीही मास्तर म्हणायला लागले, कारण ‘अहो’ म्हणायचं तर समोर माणूस लागतो.

खाली आमचं कोट-जाकिटांचं दुकान आणि वर दोन खोल्या. मास्तर माप घ्यायचे, कापायचे, शिवायचे. काज, बटणं, अस्तराची हातशिलाई आणि खालची दुमड माझ्याकडे. त्यांचं मशीन खिडकीशी, माझं स्टूल त्यांच्या उजव्या हाताला. एका गोष्टीला मात्र मी हात लावायचा नाही, असा दंडक होता. खांदा. खांद्याचं सगळं काम मास्तर स्वतः करायचे, आतली गादीसुद्धा स्वतःच्या हाताने भरायचे. मी एकदा हौसेने सुई घेऊन सरसावले तर म्हणाले, “खालचं सगळं तुझं. खांदा माझा.” मला वाटलं, कारागिराची मिजास. असू दे म्हटलं.

तो कोट गडद हिरव्या लोकरीचा होता. असं कापड त्यांनी मला कधी घेऊ दिलं नव्हतं, मळखाऊ रंग घे म्हणायचे. या वेळी स्वतःच आणलं. शेवटचं बटण मी लावलं तेव्हा दिवे लागले होते. ते म्हणाले, “उद्या ट्रायल घेऊ, नीट उजेडात.” दुसऱ्या दिवशी पहाटे ते उठलेच नाहीत. कोटाची ट्रायल राहिली ती राहिलीच.

आता दुकान कटरभाऊंकडे जाणार होतं. हे मास्तरांच्या हाताखाली कात्री धरायला शिकले, केस पांढरे होईपर्यंत त्यांच्याच शेजारी उभे राहिले, मला वहिनी म्हणतात. माणूस सोन्यासारखा, फक्त मनात आलेलं तोंडात थांबत नाही. थंडी ओसरली की नवी पाटी लावायची, त्या दिवशी धंद्यातल्या सगळ्यांना बोलवायचं, असं त्यांनी ठरवलं. पँटवाले, रफूवाले, बटणवाले, मास्तरांच्या बरोबरीचे म्हातारे टेलर, सगळे येणार होते. मी चारचौघांत सांगून बसले, “मी मास्तरांचा शेवटचा कोट घालून येईन.” बोलून गेले खरी. घरी आल्यावर बाहीत हात घालून पाहिला तर पुन्हा कोपराशी गाडी अडली.

तेव्हा बहिणीने मला कोपरवालीकडे नेलं.

तिचं खरं नाव मला माहीत आहे, पण पहिल्या दिवशी तिने माझ्या पाठीवर कोपर ठेवलं आणि माझ्या मनात तेच नाव पक्कं झालं. चाळिशीतली बाई, हात रुंद, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिची खोली. आत एक रुंद, बुटकं टेबल, एक स्टूल, पाण्याचा जग आणि चालायला मोकळी जागा. तेलाची एकही बाटली दिसेना.

“मालिशच ना?” मी विचारलं.

“नाही काकू. चोळणं नाही, तेल नाही. तेल लावलं की हात घसरतो, मला घसरायचं नसतं. मी एका जागी बोटं ठेवते, किंवा मुठीची हाडं, किंवा कोपर. थोडा दाब देते आणि आतलं सैल पडायची वाट बघते. मधूनच तुम्हाला सांगेन, पाऊल हलवा, मान वळवा, श्वास इकडे घ्या. निम्मं काम तुमचं.”

“म्हणजे आम्ही इथेही कामालाच.”

ती हसली. मग सरळ सांगून टाकलं तिने, “मी डॉक्टर नाही. बरं करते असं म्हणणार नाही. अंगात स्नायूंभोवती, हाडांभोवती, सगळीकडे एक आवरण असतं, पातळ पापुद्र्यासारखं, डोक्यापासून पायापर्यंत सलग. ते कुठे कुठे घट्ट होऊन बसतं. मग ओढ एकीकडे बसते आणि त्रास दुसरीकडे होतो.”

“अस्तर,” मी म्हटलं.

“काय?”

“कोटाचं अस्तर आखडलं ना, की वरचं कापड किती का भारी असेना, कोट ओढल्यासारखा दिसतो. सुरकुती खिशापाशी पडते आणि दुखणं असतं काखेत.”

तिला हे फार आवडलं. पुढे प्रत्येक वेळी ती मला विचारायची, “काय म्हणतंय आज अस्तर?”

मग आतल्या कपड्यांवर उभं राहायला सांगितलं. या वयात परक्या बाईसमोर असं उभं राहायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बहिणीला मी आधीच बाहेर हाकललं होतं. “नेहमी उभ्या राहता तशा राहा,” कोपरवाली म्हणाली. कोणी टक लावून बघत असताना नेहमीसारखं कसं उभं राहायचं, ते एकदा कोणीतरी मला शिकवावं. तिने पुढून पाहिलं, मागून पाहिलं, बाजूने पाहिलं. मग दारापर्यंत चालत जायला आणि परत यायला सांगितलं. मी गेले, आले. तिने मोबाइलवर फोटो काढले.

“काकू, डावा खांदा बराच खाली आहे तुमचा. कमरेपासूनच डावीकडे झुकता तुम्ही.”

“शक्य नाही,” मी म्हटलं. “अहो, टेलरची बायको आहे मी. रस्त्याच्या पलीकडून जाणाऱ्या माणसाचा खांदा सुतभर खाली असला तरी त्यांना दिसायचा. मला सांगितलं नसतं का?”

ती वाद घालत बसली नाही. फोटो माझ्यासमोर धरला. फोटोत पाठमोरी एक बाई उभी होती, डाव्या हाताच्या कोणाचं तरी बोलणं ऐकायला वाकल्यासारखी. बाकी कोणी फोटोत नव्हतं. मी बराच वेळ त्या बाईकडे बघत राहिले, आणि मला तिची दयाही आली आणि रागही आला.

त्या दिवशी तिने खांद्याला हातच लावला नाही. बरगड्यांच्या कडा, कंबर आणि तळपाय. मी म्हटलं, अगं बाई, खांदा वर राहिला, तू खाली कुठे चाललीस? तर म्हणते, पाया बघून घेऊ आधी. दुखलं का, असं सगळे विचारतात. दुखलं. पण सुई टोचते तसं नव्हे. सुरुवातीला जळजळ, मग दाब खोल जात जातो, आणि आपण आता ओरडणार असं वाटतं तेवढ्यात आतलं काहीतरी ढिलं पडतं आणि तिथे ऊब येते. ती सारखी माझ्या तोंडाकडे बघत होती. श्वास अडला की हात हलका करायची. “सहन करायचं नाही काकू, सांगायचं,” असं दर वेळी बजावायची. आम्हाला जन्मभर उलटं शिकवलेलं.

उठून चालले तेव्हा तळपाय जमिनीला पूर्ण टेकल्यासारखे वाटले. तिने सांगून ठेवलं होतं, आज थकवा येईल, पाणी प्या, उद्या कुठेतरी ठणकेल, आणि रडू आलं तर घाबरू नका, काहींना येतं. मला रडू आलं नाही. मला घरी जाऊन कपाट उघडायचं होतं.

कपाटात माझे मास्तरांनी शिवलेले सगळे कोट टांगलेले. हिरवा तेवढा बाहेर, लाकडी पुतळ्यावर. मी तपकिरी कोट काढला, रोजच्या वापरातला, आणि ब्लेडने डाव्या खांद्याचं अस्तर उसवलं. मास्तरांच्या खांद्याला मी पहिल्यांदाच हात लावत होते. आत गादी होती. ती असतेच. तिच्याखाली आणखी एक थर होता, कडेला निमुळता होत गेलेला, बारीक टाक्यांनी बसवलेला. उजवा खांदा उसवला तर तिथे एकच पातळ गादी. मग काळा कोट उसवला. तेच. राखाडी उसवला. तेच, फक्त थर थोडा कमी.

म्हणजे माहीत होतं. सगळं माहीत होतं या माणसाला. इतकी वर्षं माझ्या खांद्यात कापूस भरत राहिला आणि तोंडातून ब्र काढला नाही. मी पुतळ्यावरच्या हिरव्या कोटाला बोल बोल बोलले. “बायको वाकडी आहे हे तिला सांगायचं नाही का हो? गिऱ्हाइकाला सांगत नाही ते ठीक. मी काय गिऱ्हाईक होते?” कोट ऐकून घेत उभा राहिला. मास्तरही असेच ऐकून घ्यायचे आणि शेवटी चहा मागायचे.

राग उतरल्यावर एक वेगळंच सुचलं, आणि ते सुचलं तशी मी खुळ्यासारखी सुखावले. माझं स्टूल मास्तरांच्या उजव्या हाताला, म्हणजे मास्तर माझ्या डाव्या हाताला. मशीन घरघरत असायचं आणि मास्तर बोलायचे अगदी हळू, जसं काही बाजारातलं गुपित सांगतायत. ऐकायला मी जन्मभर डावीकडे झुकले. म्हणजे हा झोक मास्तरांचा होता. माणूस गेला, त्याच्याकडे झुकणं तेवढं माझ्या हाडांत राहिलं.

पुढच्या वेळी मी कोपरवालीला हे सांगितलं. ती माझ्या बरगड्यांवर बोटं टेकवून बसली होती.

“असेलही,” ती म्हणाली. “नसेलही. शरीर का झुकलं हे मला हात लावून कळत नाही काकू. कळतं असं सांगणारे असतात, मी त्यातली नाही.”

“तुला काय जातंय हो म्हणायला?”

“उद्या ते खोटं निघालं तर तुम्ही मलाच धराल.”

फटकळ आहे. म्हणूनच माझं तिच्याशी जमलं.

दर आठवड्याला जात राहिले. पोटऱ्या, मांड्या, पाठ, मान. एकदा हातमोजा घालून तोंडाच्या आतून जबड्याचे स्नायू दाबले, तेव्हा मात्र माझी वाचाच बसली, आणि बहिणीच्या मते तीच सगळ्यात गुणकारी बैठक होती. खांद्याकडे ती शेवटी वळली. काखेच्या मागच्या कडेला बोटं रोवायची आणि म्हणायची, “आता हात सावकाश वर. घाई नाही. जिथे थांबेल तिथे थांबू.” हात थोडा थोडा वर चालला होता. वरच्या फळीवरचा डबा मी एक दिवस डाव्या हाताने काढला आणि मग उगीचच परत ठेवून परत काढला.

पण आरशात दुसरंही दिसायला लागलं. खांदे एका रेषेत येऊ लागले होते. रस्त्यात दुकानांच्या काचेत मी मला दिसायचे तर कोणी अनोळखी बाई शेजारून चालल्यासारखी वाटायची. तपकिरी कोट परत शिवून नुसता खांद्यांवर टाकून पाहिला, तर डावीकडे फुगला. मी घाबरले. हात सुटत होता तसे मास्तर माझ्या अंगातून निघून चालले होते, असंच मला वाटलं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

“एक विचारू?” मी कोपरवालीला म्हटलं. “हात मोकळा कर, पण मला जरा वाकडीच ठेव. जमेल का?”

तिने हात काढून घेतला आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. “मी तुम्हाला सरळ करत नाहीये काकू. घट्ट झालेलं सैल करते. मग शरीर आपलं आपण उभं राहतं. ते मला धरून ठेवता येणार नाही. तुम्ही म्हणाल तिथे थांबता येईल. आज थांबलो तर हात एवढाच राहील.”

“एवढ्यात बाही जाते का?”

“ते तुम्ही घरी बघा.”

घरी पाहिलं. बाही कोपराच्या वर गेली आणि अडली.

त्या आठवड्यात मी गेले नाही. बहिणीने फोन केला, “ताई, काय चाललंय तुझं? अर्ध्यावर कुठे सोडतेस?” मी म्हटलं, सर्दी झालीय. झालं होतं ते असं की मला निवडता येत नव्हतं. हात सुटला तर मास्तरांचा कोट अंगावर येणार, पण ज्या बाईसाठी त्यांनी तो कापला ती बाई राहणार नाही. आणि ती बाई राहिली तर कोट पुतळ्यावरच राहणार.

रिकामा वेळ मिळाला म्हणून ट्रंक काढली. तळाशी माझं जाकीट सापडलं, निळं, नोकरीच्या मुलाखतीसाठी शिवून घेतलेलं. तेव्हा मी मास्तरांना ओळखतही नव्हते. बाजारात चांगला टेलर कोण, असं विचारत त्यांच्या दुकानात गेले होते. तो दिवस मला लख्ख आठवतो. गळ्यात टेप अडकवलेला एक सडपातळ तरुण माझ्या मागे बराच वेळ नुसता उभा राहिला. मग म्हणाला, “जरा दारापर्यंत चालत जाता का? आणि परत या.” मला वाटलं, काय चावट माणूस आहे. तरी गेले, आले. नोकरी मिळाली नाही. टेलर मिळाला. पुढे चिडवायचे मी त्यांना, “जाकिटाच्या मापाला चालायला कशाला लावलंत हो? बघायचंच होतं ना मला?” ते खडूने मापं लिहीत लिहीत हसायचे.

ब्लेड हातात होतंच. निळ्या जाकिटाचा डावा खांदा उसवला. आत दोन थर. बारीक टाके, कडेला निमुळते.

मी जमिनीवर बसून राहिले. म्हणजे मी वाकडी होते ती आधीपासूनच. स्टूल नव्हतं, मशीन नव्हतं, हळू बोलणारं कोणी नव्हतं, तेव्हाही. कदाचित लहानपणी भावंडांना कडेवर घेऊन झाले असेन, कदाचित जन्मतःच. मास्तरांकडे झुकून मी अशी झाले हे माझं मीच रचलेलं होतं. आणि हा माणूस मला पाहताक्षणी वाकडी म्हणून ओळखून, काही न बोलता, खांद्यात एक थर जास्त घालून मोकळा झाला होता. लग्नाच्या आधी. आवडण्याच्याही आधी, कोण जाणे. मग जन्मभर प्रत्येक कोटात तेच करत राहिला, मला आरशात सरळ दिसावं म्हणून. मी म्हणायचे, तुमच्या हातचा कोट घातला की मला कसं ताठ वाटतं. तेव्हा काय वाटत असेल त्यांना? त्या क्षणी मला ते इतके हवे होते, इतके, की मी ते निळं जाकीट तोंडावर दाबून रडले. कोपरवालीने सांगितलेलं रडू आलं ते असं, तिच्या टेबलावर नाही आणि तिच्या कोपराने नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले आणि म्हटलं, “हात पूर्ण मोकळा कर. झोक त्यांचा नव्हताच, माझाच होता.”

पाटीच्या दिवशी सकाळी मी हिरवा कोट पुतळ्यावरून काढला. उजवा हात घातला. डावा मागे नेला, थोडा उचलला, आणि तो बाहीत सुळकन उतरला. कापूस, लोकर आणि इस्त्रीचा वास आला. बटणं लावली आणि आरशात पाहिलं.

कोट वाकडा बसला होता. डावा खांदा गादीमुळे वर चढलेला, कॉलर मानेपासून सुटलेली, पुढच्या दोन कडा तळाशी वरखाली. आरशातली बाई सरळ आणि तिच्यावर कोट तिरका. डावा खांदा उसवायचा, जादा थर काढायचा, परत शिवायचा, एवढंच काम होतं. मला येत होतं, हातात वेळही होता. ब्लेड उचललं. आत मास्तरांचे शेवटचे टाके होते. त्यांनी मी गेल्यावर माझं काही उसवलं असतं का? ब्लेड खाली ठेवलं आणि तशीच जिना उतरले.

दुकान भरलं होतं. पेढे खाताना, हसताना, पाठीवर थापा मारताना टेलर मंडळींचे डोळे कुठे असतात ते मला माहीत आहे. मी आत आले आणि सगळ्यांचे डोळे आधी माझ्या खांद्यावर गेले, मग कॉलरवर, मग खालच्या कडेवर, आणि मग घाईघाईने दुसरीकडे. रफूवाले आजोबा चष्मा पुसायला लागले. कोणी काही बोलेना. नवरा गेलेल्या बाईला कोण काय बोलणार?

कटरभाऊ बोलले. प्रेमानेच बोलले, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. “वहिनी, शेवटी शेवटी मास्तरांची नजर थकली होती हो. मला दिसत होतं. पण त्यांना सांगणार कोण? एवढा मोठा हात, पण वय कोणाला चुकलंय? द्या मला नंतर, मी खांदा सारखा करून देतो. कोणाला कळणारही नाही.”

आजूबाजूला माना हलल्या. हो ना, थकलेच होते. चालायचंच. नव्या पाटीच्या दिवशी, मास्तरांच्याच दुकानात, त्यांच्याच हाताच्या नावावर चूक लागली.

गप्प बसणं सोपं होतं. माझं गुपित मास्तरांनी जन्मभर जपलं होतं, माझ्यापासूनसुद्धा. ते मी तरी का फोडावं? पण हा आळ मला सहन होईना.

“नजर थकली नव्हती,” मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. “कोट बरोबर आहे. वाकडी मी होते.”

कोणाला काही समजलं नाही. कटरभाऊ मला धरायला पुढे आले, त्यांना वाटलं बाईला चक्कर आली. मी हाताने त्यांना थांबवलं. दुकानाच्या मोठ्या आरशासमोर गेले, जिथे मास्तर गिऱ्हाइकांना उभं करायचे. डोळे मिटले आणि अंग सोडून दिलं. खिडकीशी मशीन घरघरतंय, डाव्या हाताला ते बसलेत, हळू बोलतायत, नीट ऐकू येत नाहीये. कंबर सैल सोडली, डावा खांदा खाली जाऊ दिला. आधी जमेना. मग जमलं.

कोट अंगावर उतरला. मला डोळे न उघडताही कळलं. कॉलर मानेला येऊन टेकली, पाठीवरचा ताण गेला, खालच्या कडा जुळल्या. मागे कोणीतरी श्वास आत घेतला. डोळे उघडले तर आरशात खांदे एका पातळीत होते, एक सुरकुती नाही, एक ओढ नाही. ट्रायल न घेता कापलेला कोट.

“बापरे,” रफूवाले आजोबा म्हणाले.  कटरभाऊ जवळ आले, डाव्या खांद्यावरून अंगठा फिरवला, आतला थर त्यांना लागला असावा. मग त्यांनी हात मागे घेतला.

“हा खांदा मी उसवणार नाही वहिनी,” ते म्हणाले.

लोक पुन्हा बोलायला लागले, पाटीकडे वळले, कोणीतरी मला खुर्ची दिली. मी बसले नाही. कमरेत कळ यायला लागली होती, अंगाला आता ते उभं राहणं परकं झालं होतं. कोपरवाली तिथे असती तर म्हणाली असती, सहन करायचं नाही काकू, सांगायचं. पण सांगायचं कोणाला? माझ्या डाव्या हाताला कोणीच नव्हतं. मी तशीच झुकून उभी राहिले, जरा वेळ आणखी.